बेचाळीस शेवंत्या

९ जून, मंगळवार

ही आज सकाळच्या बसने मुलीकडे गेली. मुलीचा पाय घोट्यात मोडला आहे, सहा आठवडे प्लास्टर. निघण्याआधी हिने स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवला. मला वाटलं माझ्या गोळ्यांच्या वेळा असतील. पाहतो तर वरपासून खालपर्यंत शेवंती! पाणी सकाळीच घाला. पानांवर नको, मुळाशी. वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा घालू नका. मावा दिसला तर साबणाचं पाणी फवारा. काठ्या लावा, पण आवळून बांधू नका. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडा.

चौतीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकावर उभा राहून दोन-दोन हजार माणसांना काय करायचं ते सांगितलं. मला कागद चिकटवून हुकूम देण्याची हिंमत कोणाची झाली नव्हती. अगदी मालकाचीसुद्धा नाही.

बॅग उचलताना ही दारात थबकली. म्हणाली, "अहो, एक बोलायचं होतं."

मी म्हटलं, "लिहिलंस ना सगळं? चल, बस चुकेल."

बस चुकली नाही.

१४ जून, रविवार

शेवंतीची पट्टी नीट पाहिली. इतकी वर्षं तिच्या बाजूने गेलो-आलो, पाहिली नव्हती हे कबूल करतो. कंपाउंडच्या भिंतीला लागून बारा पावलं लांब, तीन पावलं रुंद. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला पाण्याची सिमेंटची टाकी. मध्ये बेचाळीस शेवंत्या. गेल्या हंगामातले जुने बुंधे हिने चार बोटं ठेवून छाटले होते. त्यांच्या मुळाशी आलेले फुटवे वेगळे करून हिने एप्रिलमध्ये लावले. म्हणजे झाडं नवी आणि तीच जुनी. एकोणीस वर्षं हा क्रम चालू आहे म्हणे.

पाणी घालत असताना टेप आला. हा आमच्या सोसायटीचा सचिव. आयुष्यभर जमीनमोजणी केली, निवृत्त झाला तरी खिशातली टेप सुटत नाही. माणूस भेटला की आधी त्याच्या पायाखालची जागा मोजतो. त्याने माझ्यादेखत पट्टीची रुंदी घेतली.

"काय मोजताय?"

"काही नाही भाऊ, दोन गाड्यांची जागा निघते का बघत होतो. वहिनी असत्या तर..."

"वहिनी नाहीत म्हणून आलात होय! घरची बाई गावाला गेली की भिंतीवरून उडी मारणारे मी खूप पाहिलेत."

त्याने टेप गुंडाळली आणि तो गेला. बोलायला तोंड लागतं, ते त्याच्याकडे नाही.

२६ जून, शुक्रवार

हिचा फोन. मुलीचं बरं आहे. मग लगेच, "शेंडे खुडलेत का?"

मी स्पष्ट सांगितलं, खुडणार नाही. जे वर येतंय त्याचं डोकं उडवायचं, हे मला तत्त्वतः मान्य नाही. कारखान्यात हेच चालायचं. एखादा पोरगा जरा मान वर करून बोलला की त्याची बदली. मी उभा जन्म त्याविरुद्ध घालवला आणि आता म्हातारपणी माझ्याच हाताने मुंडकी छाटू?

ती म्हणाली, "अहो, शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात. एका फुलाच्या जागी दहा येतात. ते मालक-मजूर नाहीये, शेवंती आहे."

"तत्त्व सगळीकडे सारखं असतं."

मग, "बरं," म्हणाली.

समजावून सांगितलं की पटतं माणसाला.

५ जुलै, रविवार

सकाळी पट्टीवर गेलो तर एकोणीस झाडांचे शेंडे गायब! वाऱ्याने नाही, गुराने नाही. नखाने खुडलेले, एकाच उंचीवर, स्वच्छ. हे माणसाचं काम आहे, सराईत माणसाचं.

कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. पट्टी मेली तर गाड्या कोणाच्या लागणार? टेपच्या जावयाने मार्चमध्ये गाडी घेतली आहे.

तळमजल्यावरची शिंपीण दारात मशीनला तेल देत होती. तिला विचारलं, पहाटे कोणाला पाहिलंत का? ही बाई पहाटे पाचपासून जागी असते, सगळ्या इमारतीचे बाह्यांचे आणि कमरेचे घेर तिला पाठ आहेत. ती मान खाली घालून म्हणाली, "कोणी दिसलं नाही बाई. आणि भाऊ, खुडलेलं बरंच असतं म्हणतात."

"तुम्हाला शिवणातलं कळतं, यातलं कळत नाही."

"तेही खरंच," म्हणाली आणि मशीन चालू केली.

९ जुलै, गुरुवार

उरलेली तेवीसही गेली. एका पहाटेत. मी सहाला खाली उतरलो तोवर कारभार आटोपला होता. अकराव्या पायरीवर बसून राहिलो. इतका राग शेवटच्या संपात टाळेबंदी झाली तेव्हा आला होता. तेव्हा निदान समोर माणूस होता.

१२ जुलै, रविवार

आजची सभा जिंकली! अजून अंगात ऊब आहे.

टेपने पार्किंगचा विषय मांडला. उभं राहून पुटपुटला, "पट्टीबद्दल माझं वहिनींशी मागे बोलणं झालं होतं, त्यांचं म्हणणं असं..." मी त्याला तिथेच अडवला. बाईच्या पाठीमागे तिच्या नावाने बोलायचं? सभेत टाळी पडली. मग मी उभा राहिलो. पंचवीस मिनिटं. नोंदी नव्हत्या, लागल्या नाहीत. म्हटलं, माणूस गाडी कुठे लावतो त्यावरून त्याची पत ठरते, पण दोन वेळचं पाणी कशाला घालतो त्यावरून त्याची जात नव्हे, त्याची माणुसकी ठरते. म्हटलं, ज्या हातांनी अंधारात ही मुंडकी खुडली त्या हातांना उजेडाची भीती आहे, म्हणून आपण उजेड लावू! फाटकावर मोठा दिवा लावायचा ठराव मी तोंडी सांगितला, टेपला तो लिहून घ्यावा लागला: "सदर दिवा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत अखंड चालू राहील आणि कोणाही सभासदास, कोणत्याही कारणास्तव, तो बंद करता येणार नाही." एकमताने मंजूर.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "आणि एवढं करून फुलं नाही आली तर?"

मी म्हटलं, "नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या सभेपर्यंत या पट्टीवर शंभर फुलं दिसली नाहीत, तर पट्टी मी स्वतः तुमच्या ताब्यात देईन. लिहून घ्या!"

टेपने लिहून घेतलं. लिहिताना माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू मी पडलो आहे आणि मला उठवायला यावं की नाही याचा तो विचार करतोय. हरलेल्या माणसाचे डोळे असेच होतात.

२ ऑगस्ट, रविवार

आठवडा झाला दिवा लागून. काय दिवा आहे! पट्टीवर पेपर वाचता येतो. पानाची शीर अन् शीर दिसते. फक्त टाकीमागे कोपऱ्यात थोडी सावली पडते, तिथली पाच झाडं तेवढी अंधारात राहतात. तिथेही दुसरा दिवा लावायचं बघतो.

आणि परिणाम? नऊ जुलैनंतर एकही शेंडा गेलेला नाही. चोराच्या मनात चांदणं.

हिला फोनवर अभिमानाने सांगितलं. ती घाईने म्हणाली, "दिवा? रात्रभर? अहो ऐका, रस्त्यावरचा दिवा बदलला ना दोन वर्षांपूर्वी, तेव्हापासून फाटकाजवळच्या दोन झाडांना..."

"रस्त्यावरचा नाही गं, आपल्या हक्काचा! ठराव करून घेतला. तू आता काळजी सोड. आणि अजून एक, शंभर फुलांचा शब्द दिलाय मी सगळ्यांसमोर."

"कोणाला विचारून?"

"शब्द द्यायला विचारावं लागतं का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही लागत."

मग मुलीने हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला. मुलीचा आवाज मला तरी ऐकू आला नाही.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

मुलीचं प्लास्टर महिन्यापूर्वीच निघालं! आज जावयाच्या बोलण्यात सहज आलं. ती कामावरही जाते आहे. मग ही तिथे काय करते? मी जावयाला सुनावलं, सासू म्हणजे फुकटची कामवाली नव्हे. तो बिचकत म्हणाला, "नाही हो, आई काहीच करत नाहीत. सकाळी फिरायला जातात. दुपारी वाचतात. आम्हीच म्हटलं, राहा हवं तितके दिवस."

पाहा, कसा गोड बोलून राबवून घेतात. हिला 'नाही' म्हणता येत नाही, हा हिचा दोष. मी नेहमी सांगत आलोय.

हिला परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, "फुलं येऊ देत. मग बघू."

म्हणजे फुलांना येणार. ठीक. शंभराच्या जागी दोनशे दाखवतो.

१० सप्टेंबर, गुरुवार

झाडं कमरेला लागली आहेत. हिच्या हाताखाली कधी एवढी उंच झाली नव्हती. चार-चार, पाच-पाच फांद्या, काळपट हिरवी पानं. जाणारे-येणारे थांबतात. काठ्या दुसऱ्यांदा बदलल्या, सैल बांधल्या. साबणाच्या पाण्याने मावा गेला. कागदावरचं सगळं केलं आहे, एक तत्त्वाचा मुद्दा सोडून.

शिंपीण म्हणाली, "भाऊ, कळी कुठे दिसत नाही ती?"

"येईल. पाया भक्कम असला की कळस उशिरा चढतो."

"पाया अगदी गच्चीपर्यंत गेलाय," ती म्हणाली.

२४ सप्टेंबर, गुरुवार

एक कळी नाही. एक. बेचाळीस झाडं आणि पान पान पान. हिच्या जुन्या फोटोंमागे तारखा असतात, त्या काढून पाहिल्या. सप्टेंबरच्या अखेरीस दरवर्षी वाटाण्याएवढ्या कळ्या आहेत.

वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. एक मातीचं, एक खतांचं, एक रोगांचं. तिन्ही रात्री बसून संपवली. पालाश कमी पडलं असावं. घातलं. कदाचित पाणी जास्त झालं. कमी केलं. कदाचित कोणी मुळाशी काही ओततंय. दिवा असताना? वॉचमनला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "साहेब, एवढ्या उजेडात मुंगीसुद्धा लपत नाही. मलाच झोप येत नाही."

४ ऑक्टोबर, रविवार

आता सगळा कट उघडा पडला!

टाकीमागच्या पाच झाडांना कळ्या आल्या आहेत. गच्च. एकेका फांदीला सहा-सात. बाकी सदतीस झाडं वांझ, आणि ज्या पाचांवर उजेड नाही, तिथेच नेमक्या कळ्या. म्हणजे अंधाराचा फायदा घेऊन तिथे कोणीतरी काहीतरी घालतंय. पाचांना खायला घालायचं, सदतीसांना उपाशी मारायचं, आणि सभेत म्हणायचं, बघा, जागा चांगली आहे, भाऊलाच जमलं नाही. फोडा आणि झोडा! हे डावपेच मी कोळून प्यायलो आहे.

उद्या पहाटे पाचला खाली बसतो.

५ ऑक्टोबर, सोमवार

पकडलं. आणि पकडून काय मिळालं ते लिहितो, लिहिलंच पाहिजे.

पहाटे सव्वापाचला शिंपीण टाकीमागे उकिडवी बसलेली. हात झाडात.

मी ओरडलो. ती दचकली नाही. म्हणाली, "हळू. माणसं झोपलीत. बारीक कळ्या काढतेय, म्हणजे मधली मोठी होईल."

"तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?"

"जिची झाडं तिने."

"जुलैत शेंडेही..."

"मीच खुडले. दोन्ही वेळा. वहिनींनी फोन करून सांगितलं. म्हणाल्या, ह्यांना तत्त्व आडवं येतंय, तुम्ही पहाटे उरकून घ्या." ती उठून उभी राहिली, गुडघे झाडले. "फांद्या बघितल्यात ना किती फुटल्यात? लोकांना कौतुकाने दाखवत होतात. त्या कशाने फुटल्या, तुमच्या भाषणाने?"

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? मी विचारलं होतं तुम्हाला, तोंडावर!

"सांगितलं होतं, खुडलेलं बरं असतं म्हणून. तुम्ही म्हणालात तुम्हाला शिवणातलं कळतं. मग मी शिवत बसले."

एका कपडे शिवणाऱ्या बाईने मला गप्प केलं. टेपने काहीच केलं नव्हतं. ज्याला तीन महिने चोर म्हटलं तो चोर नाही. जिला साव समजलो ती चोर, आणि ती चोरीही नाही, राखण आहे. मी जगात सगळ्यांवर चिडलेलो आहे आणि आज एकालाही हाताशी धरून झोडता येत नाही.

पण मग सदतीस झाडांना झालं काय?

९ ऑक्टोबर, शुक्रवार

एक फांदी टाकीमागची, एक फाटकाजवळची अशी घेऊन गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेलो. तिथला माळी माझ्याहून म्हातारा. खताचं, मातीचं, पालाशचं मी सगळं सांगितलं. तो कुंड्या भरत होता, मान वर न करता ऐकत होता. मग विचारलं, "रात्री उजेड असतो का तिथे?"

"भरपूर! मी स्वतः लावून घेतला."

तो हसला. तोंडात एक दात होता, तोही हसला.

"दादा, शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होत गेले, रात्र लांब झाली, की तिला कळतं आता फुलायचं. आम्ही मुद्दाम दिवे लावून तिला फसवतो. बाजार दोन महिने पुढे ढकलायचा असला की लावायचे दिवे, ती बसते पानं काढत. तुम्ही तर बाजार कायमचाच ढकललात. तुमच्या झाडांना जुलैपासून रात्रच झाली नाही."

मी विचारलं, आज अंधार केला तर?

"सात-आठ आठवडे. डिसेंबरात फुलतील. थंडीने मारलं नाही तर."

सभा एक नोव्हेंबरला.

बसमध्ये उभा राहून आलो, जागा असूनही. 'ज्या हातांना उजेडाची भीती आहे.' हे वाक्य माझं. टाळी पडली होती त्यावर. रस्त्याच्या दिव्याचं ही फोनवर सांगत होती. तिच्या वाक्याचं शेपूट मी कापलं, आणि त्या शेपटातच सगळं होतं.

१० ऑक्टोबर, शनिवार

टेपकडे गेलो. दिवा बंद करा म्हटलं. त्याने मुकाट्याने ठरावाची वही काढून माझ्यासमोर धरली. 'कोणाही सभासदास, कोणत्याही कारणास्तव.' माझंच वाक्य. इतकं पक्कं बांधलेलं की फट नाही. मी ठराव लिहितो ते असे.

मग तो म्हणाला, "बल्ब उडाला असं म्हणू. उडतात बल्ब." आणि शिडी घेऊन स्वतः वर चढला, सत्तराव्या वर्षी, आणि मी खाली शिडी धरून उभा राहिलो. त्याने हिणवलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. हा चांगुलपणा मला पचत नाही. जुलैत मी याला भर सभेत काय काय बोललो!

३१ ऑक्टोबर, शनिवार

टाकीमागे फुलं उमलली. तांबूस-पिवळी, तळहाताएवढी, आत वळलेल्या पाकळ्यांची. मोजली. सव्वीस. सदतीस झाडांवर आता कुठे टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी दिसतंय.

भाषण तयार आहे. अकरा पानं. दिवा सोसायटीचा होता, ठराव एकमताचा होता, म्हणजे दोष सामुदायिक. शिवाय 'फुलं' या शब्दात कळीही धरता येते. उभं राहिलो तर जिंकेन. मला माहीत आहे मी जिंकेन. सभा कशी फिरवायची ते मला श्वासासारखं येतं.

१ नोव्हेंबर, रविवार

अकरा पानं खिशातच राहिली. टेपने जुना ठराव वाचून दाखवला, मी उभा राहिलो आणि दोनच वाक्यं बोललो. "दिवा मी मागितला, त्याने फुलं अडली. शब्द मी दिला होता, पट्टी घ्या."

मी इतकं थोडं कधी बोललो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, "अहो, असं काय? काहीतरी बोला की!" आणि मला, खरं लिहितो, त्या क्षणी फार बरं वाटलं. मान ताठ झाली. वाटलं, हरावं तर असं.

तेवढ्यात मागून शिंपीण उठली. ही बाई सभेत कधी बोललेली नाही. तोंड लाल झालेलं.

"पट्टी तुमची होती का द्यायला?"

मी म्हटलं, "बाई, शब्द..."

"शब्द, शब्द! उचलली जीभ लावली टाळ्याला. जुलैत पैजेला लावलीत तेव्हा वहिनींना विचारलंत? आज दान करताय, आज विचारलंत? एकोणीस वर्षं गुडघ्यावर बसून तिने मातीत हात घातले. तुम्ही चार महिने पाणी घातलंत आणि राजा झालात! जिंकलात तरी तुम्हीच, हरलात तरी तुम्हीच. ती कुठे आहे यात?"

कोणी हसलं नाही. मी खाली बसलो. खिशातली अकरा पानं मनात चाळून पाहिली, त्यांत ही कुठेच नव्हती.

टेप हळूच म्हणाला, "भाऊ, खरं सांगायचं तर वहिनींचं आणि माझं मार्चमध्येच ठरलं होतं. फाटकाकडची चार पावलं गाड्यांना, टाकीकडची आठ शेवंतीला. तिथलं ऊन त्यांना जास्त आवडतं. मी नकाशाही काढला होता." त्याने वहीतून घडी घातलेला कागद काढला. कडेला हिचं अक्षर होतं. "ही चालेल. फक्त नळ मधोमध हवा."

मार्चमध्ये! जूनमध्ये ही दारात थबकली होती. जुलैत हा सभेत पुटपुटला होता. ज्या लढाईत मी पंचवीस मिनिटं गरजलो ती लढाई दोन माणसांनी चार महिने आधी, चहा पिता पिता मिटवली होती. कोणाविरुद्ध लढलो मी?

सभेने नकाशा मंजूर केला. माझं मत कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

२ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून फाटकाकडच्या चौदा शेवंत्या मातीच्या गोळ्यासकट उचलून टाकीकडे हलवल्या. टेपने अंतर मोजून दिलं, शिंपिणीने खड्डे दाखवले, मी खणले. दोघं आपसात बोलत होती, मी सांगितलं तेवढं करत होतो. हलवल्याने आता कळ्या जळतील म्हणाली शिंपीण, पण मूळ जगेल. पुढच्या वर्षी येतील. हात सोलवटले आहेत. राग गेलेला नाही, एक कणही नाही. त्याचा फक्त मुक्काम हलला आहे, आणि नव्या जागी तो जास्त टोचतो.

दुपारी हिला फोन लावला. चौदा हलवल्याचं सांगितलं, सव्वीस फुलं सांगितली. शंभराची सबब सांगितली नाही. ती म्हणाली, "दिव्याचं मी तुम्हाला सांगत होते. तुम्ही तोडलंत. शिंपिणीला म्हटलं, राहू दे, आता तूही सांगू नकोस. एक वर्ष फुलं नाही आली तर शेवंती मरत नाही. एकदा होऊनच जाऊ दे."

माझ्या तोंडात चार वाक्यं तयार झाली. चांगली होती. गिळली.

मी विचारलं, "जूनमध्ये दारात काय बोलायचं होतं तुला?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला दोनदा वाटलं फोन तुटला. पूर्वी अशा वेळी मी 'हॅलो हॅलो' करायचो, किंवा तिचं उत्तर मीच देऊन टाकायचो. आज उभा राहिलो. खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो.

मग ती बोलायला लागली. तीन वाजले होते तेव्हा. थांबली तेव्हा खालच्या दारात शिंपीण मशीन झाकत होती. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. दोन ठिकाणी ती चुकीचं बोलत होती असं मला वाटलं, आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत कळलं की ती चुकीचं बोलत नव्हती.

ती येणार का, ते तिने सांगितलं. का गेली होती, तेही सांगितलं.

ते इथे लिहिणार नाही. लिहायला घेतलं, तर दुसऱ्या ओळीपासून ते माझं भाषण होईल.